लॅबची नोकरी की पीएचडी? कोकणातल्या एमएस्सीवाल्यांसाठी, पायरी पायरीने

गेल्या गणपतीत, गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी देवरुखची एक मुलगी वडिलांना घेऊन आमच्या पडवीत येऊन बसली. एमएस्सी रसायनशास्त्र, मार्क चांगले. पिशवीत लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचं ऑफर लेटर, सोमवारी रुजू व्हायचं. फोनवर तिच्या कॉलेजातल्या सरांचा मेसेज होता, "नोकरीला लागलीस की अभ्यास सुटला. पीएचडीचं बघ." वडील म्हणाले, "आम्हाला यातलं काही कळत नाही. पण सोमवारपर्यंत काय ते ठरवायला हवं."

दरवर्षी असे दोन-चार जण येतात, कारण मी दोन्ही घरं पाहिलीत. लोटे परशुरामला तीन वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये (क्यूसी) होतो, मग पीएचडी केली, आता एका कंपनीच्या संशोधन विभागात काम करतो. त्या दिवशी तिच्याशी जे बोललो तेच इथे सविस्तर लिहितोय. रसायनशास्त्र माझा विषय म्हणून उदाहरणं तिथली जास्त येतील, पण सूक्ष्मजीवशास्त्र, बायोटेक, मत्स्यविज्ञान केलेल्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

पहिली पायरी : तारीख पुढे मागा

सोमवार तिच्या डोक्यावर बसला होता, म्हणून आधी तोच हलवला. कंपनीच्या एचआरला दोन ओळींचा ई-मेल केला, रुजू व्हायला आठ दिवसांची मुदत मिळावी. दुपारपर्यंत होकार आला. नुकतंच शिक्षण संपवलेल्याला आठ-दहा दिवस सहसा देतात, पण ते मागावे लागतात. फोनवर बोललात तरी मागाहून लिहून पाठवा, म्हणजे उत्तर हाताशी राहतं. आणि सही केलेलं पत्र परत पाठवण्याआधी मागा.

दुसरी पायरी : दोन्हीकडचा दिवस कसा जातो ते समजून घ्या

पगार, वय, लग्न या गोष्टी नंतर. आधी हे बघा, कारण पुढची पाच वर्षं तुम्हाला हाच दिवस रोज जगायचा आहे.

क्यूसीतला दिवस असा असतो. सात ते तीनची पाळी असेल तर सव्वासहाला चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर कंपनीची बस. लॅबमध्ये शिरल्या शिरल्या आधीच्या पाळीकडून चार्ज घ्यायचा, तराजूचं रोजचं कॅलिब्रेशन करायचं, पीएच मीटर बफरला लावायचा, प्रत्येकाची नोंद लॉगबुकात. तेवढ्यात प्लांटचा माणूस रिअ‍ॅक्टरचा नमुना घेऊन येतो. बाटली अजून गरम, लेबलावर बॅच नंबर आणि वेळ, शाई थोडी ओघळलेली. तो बाटली ठेवून दारातही पोचत नाही तोच इनचार्जचा फोन, "साहेब, रिअ‍ॅक्शन पूर्ण झाली का?" तुम्ही तो जीसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, इंजेक्ट करता आणि वीस-पंचवीस मिनिटं आलेखाकडे डोळे लावून बसता. सुरुवातीचा कच्चा माल ठरलेल्या मर्यादेखाली आला तर बॅच पुढे, नाही आला तर आणखी तासभर गरम करायचं. तुमच्या एका आकड्यावर खाली आठ-दहा माणसं थांबलेली असतात. ही जबाबदारी खरी आहे. तिच्यात समाधान आहे, ते मी अनुभवलंय.

किनाऱ्यावरच्या दुसऱ्या लॅबही याच जातीच्या. रत्नागिरीत मासळी प्रक्रियेच्या कारखान्यात सूक्ष्मजीवशास्त्रवाले २५ ग्रॅम नमुन्यात साल्मोनेला नाही ना ते बघतात, बांगड्यातलं हिस्टामाइन मोजतात. आंब्याच्या कॅनिंगमध्ये मे महिन्यात पल्पची ब्रिक्स (साखरेचं प्रमाण) आणि आम्लता तपासता तपासता हाताला हापूसचा वास बसतो. सांडपाण्याच्या लॅबमध्ये पाण्यातली घाण मोजायची, सीओडी, आणि २७ अंशांवर तीन दिवस ठेवून बीओडी. या सगळीकडे प्रश्न एकच असतो, नमुना मर्यादेत आहे की नाही. उत्तर त्याच दिवशी मिळतं, फार तर तीन दिवसांनी.

आता पीएचडीचा दिवस. तिथे प्रश्नच तुम्हाला तयार करावा लागतो, आणि उत्तर आहे की नाही हे आधी कुणालाच माहीत नसतं. ही गोष्ट मी नेहमी साक्यावरून सांगतो. बाहेरून देखणा हापूस कापावा आणि आत पांढुरका, आंबट, स्पंजासारखा भाग निघावा, हा साका आपल्याकडच्या प्रत्येक बागायतदाराने पाहिलाय. कॅनिंगच्या लॅबमधला केमिस्ट असं फळ बाजूला काढतो, त्याचं काम तिथे झालं. संशोधक विचारतो की हापूसमध्येच हे का होतं, शेजारच्या दुसऱ्या जातींच्या झाडांना का नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' ही जात आली, १९८१ मध्ये. तिच्यात साका धरत नाही. पण कलमाला फळ धरेपर्यंत थांबायचं, मग पुढच्या हंगामात पुन्हा तपासायचं, मग त्याच्याही पुढच्या. प्रयोगाच्या एका फेरीला जिथे वर्ष लागतं तिथे माणसाला थांबता आलं पाहिजे.

माझ्या पीएचडीत पहिले चौदा महिने कागदावर मांडावं असं काही हाती लागलं नाही. अभिक्रिया एकदा जमायची, दुसऱ्यांदा नाही. एनएमआरला, म्हणजे रेणूची रचना दाखवणाऱ्या तपासणीला, नमुने दुसऱ्या संस्थेत पाठवावे लागायचे, निकाल यायला तीन-तीन आठवडे. शेवटी कळलं की सॉल्व्हंटमध्ये ओल शिरत होती. चौदा महिन्यांनी कळलं! त्या काळात घरी फोन केला की आई विचारायची, "झालं का रे काही?" आणि मी विषय बदलायचो.

मला स्वतःला कळलं ते असं. लोट्याला असताना पावसाळ्यातल्या बॅचेसमध्ये एचपीएलसीवर (द्रावणातले घटक वेगळे करून दाखवणारं यंत्र) मुख्य पीकच्या, म्हणजे आलेखावरच्या उंचवट्याच्या, शेजारी एक लहानसं पीक दिसायला लागलं, ०.०६ टक्के. औषधाच्या मूळ घटकात, रोजचा डोस दोन ग्रॅमपर्यंत असेल तर, अशुद्धी ०.०५ टक्क्याच्या वर गेली की तिची नोंद करायची असते आणि ०.१० च्या वर गेली की ती कोणती हे शोधून काढायचं असतं. म्हणजे नोंद पुरेशी होती. साहेब म्हणाले, "मर्यादेत आहे ना? मग पाठव पुढे." त्यांच्या जागी ते शंभर टक्के बरोबर होते. पण मी घरी आल्यावरही तेच डोक्यात. जूनमध्येच का येतं? मेमध्ये का नव्हतं? स्वतःच्या वेळात त्यावर वाचत बसायचो. शेजारच्या टेबलावर माझी एक सहकारी होती. पाळी संपताना लॉगबुकात एकही खाडाखोड नसली की तिचा चेहरा खुलायचा. ऑडिटच्या आदल्या आठवड्यात आम्ही सगळे धास्तावलेले असायचो, तिला मात्र हुरूप यायचा. आज ती एका कारखान्याची गुणवत्ता प्रमुख आहे. तिने पीएचडी केली असती तर दुसऱ्या वर्षी सोडली असती, आणि मी क्यूसीत राहिलो असतो तर कुढत राहिलो असतो.

स्वतःची परीक्षा घ्यायला एक साधी युक्ती आहे. तुमच्या विषयातला एक शोधनिबंध घ्या, तीन दिवस त्याच्यामागे लागा आणि न समजलेल्या गोष्टी वहीत लिहा. चौथ्या दिवशी वही उघडा. त्यातल्या एखाद्या प्रश्नावर तुम्ही मधल्या काळात आपणहून काही शोधलं असेल, कुणाला विचारलं असेल, तर संशोधनाकडे ओढ आहे असं समजायला हरकत नाही. वही उघडायचाच कंटाळा आला तर तेही मनाशी मान्य करा, त्यात कमीपणा काही नाही. अजून एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला असाल तर विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपला अर्ज करा. दोन महिने खऱ्या संशोधकाच्या लॅबमध्ये काढल्यावर माझ्या लेखाची गरज उरणार नाही.

आणि हे कळकळीने सांगतो. नोकरी लागेपर्यंत पीएचडी करू, असं म्हणून जाऊ नका. फार मुलं अशी अडकलेली पाहिलीत. नोकरी लागत नाही, प्रबंध पुढे सरकत नाही, वय मात्र पुढे जातं.

तिसरी पायरी : पैशाचा हिशेब कागदावर मांडा

ऑफर लेटरवरचा वर्षाचा मोठा आकडा बाजूला ठेवा. त्या सीटीसीत कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, कधी कँटीन आणि बसही धरलेली असते. दर महिन्याला हातात किती पडणार, एवढंच विचारा. त्यातून चिपळूण किंवा खेडच्या खोलीचं भाडं, डबा, घरी पाठवायची रक्कम वजा करा. घरून ये-जा जमत असेल तर तोच पगार बराच मोठा होतो, हे कोकणातल्या कारखान्यांच्या बाजूने आहे. मुंबईत पाच-दहा हजार जास्त मिळाले तरी ते विरार-डोंबिवलीच्या खोलीतच जातात.

पीएचडीकडे जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) म्हणून ४२,०००. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे. त्यावर घरभाडं वेगळं. नवख्या केमिस्टच्या पगारापुढे हे कमी नाही. पण पहिली रक्कम खात्यात यायला कागदपत्रांपायी काही महिने जाऊ शकतात. मी पहिले पाच महिने लोट्यात साठवलेल्या पैशांवर काढले. म्हणून सहा महिन्यांचा खर्च हाताशी असल्याशिवाय निघू नका. दुसरं म्हणजे, फेलोशिप जास्तीत जास्त पाच वर्षं चालते आणि प्रयोगाचं काम त्याहून लांबू शकतं. शेवटच्या वर्षाची तजवीज आधीपासून करावी लागते.

महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती, अशा संस्थांच्या फेलोशिप आहेत. जाहिराती कधी येतात त्यावर लक्ष ठेवा. जातीचा दाखला, वैधता, नॉन-क्रिमीलेअर आधीच काढून ठेवा, तहसीलच्या खेपा जाहिरात आल्यावर सुरू केल्या तर मुदत निघून जाते.

फेलोशिप नसताना पूर्णवेळ पीएचडी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घरचे पाच वर्षं पोसू शकत असतील तर गोष्ट वेगळी. तशी घरं आपल्याकडे थोडी.

चौथी पायरी : ऑफर लेटर वाचा, लॅब डोळ्यांनी बघा

कंपनीच्या पटावर घेताहेत की ठेकेदाराच्या? पाळ्या आहेत का, किती दिवसांनी बदलतात? नोटीस पीरियड किती? बाँड आहे का, आणि मोडला तर किती भरायचे? मुलींनी संध्याकाळनंतरच्या आणि रात्रीच्या पाळीबद्दल लेखी विचारावं, तुमची संमती घेणार का, घरापर्यंत गाडी सोडणार का. हे विचारलं म्हणून कुणी नोकरी काढून घेत नाही.

मग लॅब दाखवा म्हणा. यंत्रं कोणती आहेत ते बघा आणि त्यावर नवीन माणसाला हात लावू देतात का ते तिथल्या ज्युनिअरला विचारा. वर्षभर नुसती टायट्रेशन आणि ओलावा तपासत बसावं लागलं तर पुढची कंपनी "एचपीएलसी येतं का?" विचारेल तेव्हा अडचण होईल. फ्यूम हूड (वाफा बाहेर ओढणारं कपाट) चालू आहे का ते बघा. सॉल्व्हंटचा वास दारातच येत असेल आणि हूडमध्ये रिकामी खोकी रचलेली असतील तर त्या लॅबमध्ये जाऊ नका.

मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेही जमा करू नका. दाखवा, झेरॉक्स द्या, परत घ्या. माझ्या पहिल्या नोकरीत ती ठेवून घेतली होती. सोडताना परत मिळवायला दोन महिने चकरा मारल्या आणि एका विद्यापीठाची प्रवेशाची पडताळणी त्यापायी हुकली.

पाचवी पायरी : परीक्षा द्या, काहीही ठरवलं असलं तरी

नोकरी घेणार असाल तरी नेटचा, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा, अर्ज भरा. सीएसआयआर (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) आणि यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) यांची नेट साधारण वर्षातून दोनदा होते, रसायन, जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित आणि पृथ्वीविज्ञान या विषयांत. २०२४ पासून निकालात तीन गट लागतात. वरच्या गटाला जेआरएफ, मधल्याला सहायक प्राध्यापकाची पात्रता आणि पीएचडी प्रवेश, तिसऱ्याला नुसता पीएचडी प्रवेश. खालच्या दोन गटांचे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात आणि तिथे परीक्षेला ७० टक्के, मुलाखतीला ३० टक्के भार असतो. जेआरएफला वयोमर्यादा आहे, प्रवर्गाप्रमाणे सूट मिळते. मर्यादा त्या वेळच्या जाहिरातीत बघून स्वतःच्या जन्मतारखेशी ताडा. 'नोकरी आधी, पीएचडी नंतर' या बेताला खरी मुदत घालते ती हीच मर्यादा.

गेट या देशपातळीवरच्या परीक्षेचे गुण तीन वर्षं चालतात, त्यामुळे नोकरीत असलेल्याला ती परीक्षा सोयीची. विद्यापीठांच्या पेट, म्हणजे पीएचडी प्रवेश परीक्षा, वेगळ्या, त्यांची वेळ विद्यापीठागणिक बदलते.

परीक्षा पावसाळ्यात आली तर केंद्राच्या गावी आदल्या दिवशीच पोचा. परशुराम घाटात दरड आली किंवा कोकण रेल्वे रत्नागिरीच्या अलीकडे थांबली तर प्रवेशपत्र हातात घेऊन नुसतं बसावं लागतं.

सहावी पायरी : विषयाच्या आधी गाइड निवडा

यातली सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, आणि मुलं सगळ्यात कमी वेळ हिलाच देतात. विद्यापीठाचं नाव बघतात, विषयाचं शीर्षक बघतात. पाच-सहा वर्षं रोज ज्यांच्या दारात उभं राहायचं त्या माणसाची चौकशी मात्र करत नाहीत. सोयरीक जुळवताना आपण मुलाच्या मामाच्या गावापर्यंत जाऊन येतो, तितकी चौकशी इथेही करा.

शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध ठेवलेले आहेत. तिथे गाइडच्या नावाने शोधा. किती विद्यार्थी पूर्ण झाले, कोणत्या वर्षी, हे दिसतं. मग त्यांचे अलीकडचे शोधनिबंध काढा आणि पहिलं नाव कुणाचं आहे ते बघा, विद्यार्थ्याचं की दरवेळी दुसऱ्याच कुणाचं.

त्यानंतर त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना भेटा, पण गाइड समोर नसताना. कँटीनमध्ये चहा पाजा. विचारा, सर आठवड्यातून किती वेळा भेटतात? मसुदा दिला की किती दिवसांत परत येतो? केमिकल संपलं तर कोण आणतं? यंत्र आवारातच आहे की नमुने बाहेर जातात? सुट्टी मागितली तर काय होतं? कुणी मधेच सोडून गेलं का, आणि का? शेवटच्या प्रश्नाला मुलं एकमेकांकडे बघायला लागली तर समजून घ्या.

निवृत्तीचं साल जरूर विचारा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरलेल्या प्राध्यापकांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. एका वेळी किती विद्यार्थी घ्यायचे यालाही मर्यादा आहे, प्राध्यापकाला आठ, सहयोगीला सहा, सहायकाला चार. त्याच नियमांनुसार एमएस्सीला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना पाच टक्के सूट. कालावधी कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, वर दोन वर्षांची मुदतवाढ मिळू शकते, स्त्रियांना आणखी दोन. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं.

आता जागा कोणत्या? घराजवळ म्हणाल तर दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, १९७२ चं. त्याचंच मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगावला. लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ. रत्नागिरी, चिपळूणच्या जुन्या कॉलेजांत मुंबई विद्यापीठाची मान्यता असलेले गाइड मिळतात. त्यांच्यात मनापासून काम करणारे आहेत, यंत्रं मात्र बहुधा बाहेरची वापरावी लागतात.

खाली गोव्याकडे दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, १९६६ पासूनची. खाडी, खारफुटी, समुद्री जीवाणू यात रस असलेल्या कोकणी मुलाने तिचं नाव यादीत वर लिहावं. कुडाळ-सावंतवाडीकडच्यांना तर ती मुंबईपेक्षा जवळ. ती सीएसआयआरची प्रयोगशाळा, पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) हीसुद्धा, आणि तिथल्या पदव्या अ‍ॅकसिर या अकादमीकडून मिळतात. त्यामुळे प्रवेशाचा अर्ज त्या अकादमीच्या संकेतस्थळावर भरावा लागतो, हे कित्येकांना माहीतच नसतं. मुंबईची आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था) आणि पुण्याची आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) रसायनवाल्यांना ठाऊक असतातच.

सातवी पायरी : घरात बसून बोला

केळशीच्या एका मुलाला पुण्यात प्रवेश मिळाला होता. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात घरची पोफळीची बाग आडवी झाली. नवीन पोफळ लावून उत्पन्न सुरू व्हायला पाच-सात वर्षं. त्याने प्रवेश सोडला, महाडला एका लॅबमध्ये लागला, घर सावरलं, आणि मगच पुन्हा परीक्षा दिली. आज तो पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घराला पैसा लागत असेल तर नोकरी घ्या. त्यात हरलो असं वाटून घेऊ नका, फक्त किती वर्षं ते आधी ठरवा आणि घरच्यांनाही सांगून ठेवा.

मुलींच्या बाबतीत प्रश्न लग्नाशी येऊन थांबतो. देवरुखच्या त्या वडिलांनीही शेवटी तोच काढला, "सहा वर्षं म्हणजे हिचं वय किती होईल हो?" मी त्यांना सांगितलं की पीएचडीच्या काळात लग्न होतं, मूलही होतं, आणि यूजीसीच्या नियमांत प्रसूती आणि बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजेची सोय आहे. त्यांना हे नवीन होतं. असं काही नेमकं सांगितलं की बोलणं पुढे सरकतं.

पदवीनंतर काय, हेही घरात मोकळेपणी सांगा. लोटे, महाड, रोहा इथल्या केमिस्टच्या जागेला पीएचडी लागत नाही, उलट "इतके शिकलेले टिकणार नाहीत" म्हणून नाकारतात. संशोधनाच्या जागा मुख्यतः मुंबई परिसर, पुणे, हैदराबाद, गुजरातेत. म्हणजे पीएचडी निवडताना बहुतेकांना गाव सोडणंही निवडावं लागतं. प्राध्यापक व्हायचं असेल तर जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदाला नेट किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा) हा किमान निकष आहे, पीएचडी ऐच्छिक. अनुदानित जागा निघेपर्यंत अनेक जण वर्षानुवर्षं सीएचबीवर, तासाच्या पैशांवर शिकवतात. हे आधी माहीत असावं.

आठवी पायरी : नोकरी घेतलीत तर वाट मोकळी कशी ठेवाल

शिफारसपत्रं लिहिणाऱ्या तुमच्या सरांना वर्षातून दोनदा फोन करा, दिवाळीत घरी जा. तीन वर्षांनी एकदम पत्र मागितलं तर त्यांना तुमचा चेहरा आठवेल, काम आठवणार नाही. प्रोजेक्टचा अहवाल आणि कच्च्या नोंदी सांभाळून ठेवा.

कामावर पडलेले प्रश्न स्वतःच्या वहीत लिहा. प्रश्नच लिहा, कंपनीचे आकडे, पद्धती, बॅचची माहिती घरी आणायची नाही. ते चुकीचं आहे आणि नोकरी जाते. माझ्या वहीत एवढंच होतं, "पाऊस सुरू झाल्यावर का?" पुढे पीएचडीच्या मुलाखतीत नोकरीत काय शिकलात असं विचारलं, तेव्हा ओलाव्याने रेणू कसे तुटतात यावर मी दहा मिनिटं बोललो. पॅनेलवरचे दोघे पुढे सरसावून ऐकायला लागले.

नोकरी करता करता अर्धवेळ पीएचडीही करता येते. त्यासाठी कंपनीचं ना हरकत पत्र लागतं, अभ्यासाला वेळ देऊ असं त्यात लिहून द्यावं लागतं. पाळीच्या नोकरीत हे फार अवघड जातं. कंपनीत संशोधन विभाग असेल आणि साहेबाला रस असेल तरच हात घाला. दोन्हींच्या मधली वाट म्हणजे एखाद्या संस्थेत प्रकल्पावर वर्ष-दोन वर्षांसाठी लागणं. पगार बेताचा, मुदत संपली की जागा संपली. पण गाइड, लॅब आणि स्वतःचा स्वभाव, तिन्हींची पारख होते. द्विधेत असलेल्याला मी बऱ्याचदा हीच वाट सुचवतो.

देवरुखच्या मुलीने आठ दिवसांत तीन माणसांशी बोलून नोकरी घ्यायचं ठरवलं, दोन वर्षांसाठी, आणि नेटचा अर्जही भरायचा. तिच्या वडिलांनी दोन वर्षांनंतरचा महिना स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून ठेवला.

त्या पहिल्या दिवशी निघताना एक काम मी त्यांच्याकडून तिथेच करून घेतलं. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात कित्येकांच्या मार्कलिस्ट चिखलात गेल्या, दुसऱ्या प्रती काढायला विद्यापीठाच्या खेपा झाल्या. म्हणून दहावीपासूनची सगळी कागदपत्रं, जातीचा दाखला, आधार, जे असेल ते आजच स्कॅन करा. डिजिलॉकरमध्ये एक प्रत, स्वतःला ई-मेलने एक. मूळ कागद घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवा, आणि कुठे ठेवलेत ते घरातल्या आणखी एका माणसाला दाखवा.